टँकरवर चढण्याआधी: धोकादायक माल वाहणाऱ्या नव्या चालक-क्लीनरांसाठी

नाशिक जिल्ह्यात या धंद्याचं नाव काढलं की आधी मनमाड आठवतं. पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. मुंबईहून पाइपलाइननं येणारं पेट्रोल-डिझेल तिथून टँकरमध्ये भरून बाहेर पडतं. पण धोकादायक माल तेवढाच नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांना लागणारं ॲसिड, पाणी शुद्धीकरणाला जाणारे क्लोरीनचे टनर म्हणजे मोठी नळकांडी, साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतून निघणारं इथेनॉल, दवाखान्यांचा द्रवरूप ऑक्सिजन, घरगुती गॅसचे सिलिंडर, द्राक्षबागांसाठी येणारी विषारी औषधं, हे सगळं कायद्याच्या लेखी याच प्रकारात बसतं. त्यामुळे ‘आपण काय, नुसते सिलिंडर पोचवतो’ असं म्हणणाऱ्यालाही पुढचं सगळं लागू आहे.

नवीन माणसाला साधारण एवढंच सांगितलं जातं: तीन दिवसांचं ट्रेनिंग कर, लायसन्सवर नोंद करून घे, ये कामाला. ते करायचंच आहे. पण त्या तीन दिवसांत अपघात कसा टाळायचा आणि झाला तर काय करायचं यावर भर असतो. चोरी, छेडछाड, पाळत, गाडी पळवणं यांबद्दल अभ्यासक्रमात जवळपास काही नाही. हा दुसरा भाग तुम्हाला मालकाकडून, डेपोकडून आणि जुन्या चालकांकडून मागून घ्यावा लागतो.

आधी पात्रता बघा

व्यावसायिक वाहनाचं लायसन्स वयाची २० वर्षं पूर्ण झाल्यावर मिळतं. त्यासाठी हलक्या वाहनाचं लायसन्स किमान एक वर्ष हातात असावं लागतं आणि वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावं लागतं. आठवी पासची अट २०१९ मध्ये काढून टाकली, हे बहुतेकांना ठाऊक आहे. त्यामुळे शिक्षणाची काही अटच उरली नाही असा समज पसरलाय. धोकादायक मालासाठी तो चुकीचा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ९ सांगतो की अशा गाडीच्या चालकाला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भारतीय भाषा आणि इंग्रजी, दोन्ही लिहिता-वाचता यायला हवं. मराठी आठव्या अनुसूचीत आहेच. इंग्रजीची अट काहींना जाचक वाटते, पण ड्रमवरचं लेबल आणि कारखान्यातून मिळणारी सुरक्षा माहितीपत्रकं अनेकदा इंग्रजीतच असतात. इंग्रजी कच्चं असेल तर निदान आग, विष, ज्वलनशील, पाणी टाकू नका, एवढ्यांचे इंग्रजी शब्द ओळखता येतील इतकी तयारी करा.

तीन दिवसांचं प्रशिक्षण

हे प्रशिक्षण राज्य सरकारनं मान्यता दिलेल्या संस्थेतच घ्यायचं. पैसे भरण्याआधी पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयात, आणि मालेगाव भागातले असाल तर मालेगावच्या कार्यालयात, त्या संस्थेची मान्यता चालू आहे का ते विचारा. ‘यायची गरज नाही, सर्टिफिकेट घरी येईल’ असं सांगणारे एजंट भेटतील. त्यांच्या कागदानं नोंद होईलही कदाचित, पण व्हॉल्व्ह गळायला लागला की तो कागद कामाला येत नाही, आणि चौकशी लागली की आधी तोच उघडा पडतो.

पहिले दोन दिवस गाडी चालवण्याचे: ब्रेक लावल्यावर गाडी किती अंतरावर थांबते, रात्रीचं ड्रायव्हिंग, रेल्वे फाटक, चढ-उतार, निघण्याआधीची तपासणी, सुरक्षित थांबा, चाकाला ओट म्हणजे अडसर लावणं. त्यात प्रत्यक्ष गाडीवरचा सरावही असतो. तिसरा दिवस मालाचा, आणि खरं सांगायचं तर तो एक दिवस अपुरा आहे. त्या दिवशी वही घेऊन जा आणि या तीन गोष्टी पक्क्या करून या.

पहिली, संयुक्त राष्ट्रांची वर्गवारी. १ स्फोटकं, २ वायू, ३ ज्वलनशील द्रव, ४ ज्वलनशील घन पदार्थ, ५ ऑक्सिडायझर, ६ विषारी आणि संसर्गजन्य, ७ किरणोत्सारी, ८ गंज आणणारे म्हणजे ॲसिडसारखे, ९ इतर. प्रत्येक पदार्थाला स्वतःचा चार अंकी क्रमांकही असतो. पेट्रोल १२०३, डिझेल १२०२, घरगुती गॅस १०७५, क्लोरीन १०१७, इथेनॉल ११७०, सल्फ्युरिक ॲसिड १८३०, द्रवरूप ऑक्सिजन १०७३. आपण नेहमी वाहतो त्या मालाचा क्रमांक झोपेतून उठवलं तरी सांगता आला पाहिजे. फोनवर अग्निशमन दलाला तो आकडा सांगितला की ते कोणत्या तयारीनं यायचं ते ठरवतात.

दुसरी, हॅझकेम कोड, म्हणजे आग-गळतीत काय करायचं ते सांगणारी टँकरच्या पाटीवरची खूण. पेट्रोलच्या टँकरवर ‘३ वाय ई’ लिहिलेलं असतं. ३ म्हणजे फोम वापरा. वाय म्हणजे स्फोटक प्रतिक्रियेची शक्यता आहे आणि सांडलेलं गटारात-नदीत जाऊ न देता अडवून धरा. ई म्हणजे आजूबाजूची माणसं हलवण्याचा विचार करा. तीन अक्षरांत एवढा निरोप असतो. पाटी पुसट झाली असेल तर आपणच मालकाच्या मागे लागून ती रंगवून घ्यावी.

तिसरी, तुमच्या मालाची चाल. घरगुती गॅस आणि क्लोरीन हवेपेक्षा जड, म्हणून ते खड्ड्यात, गटारात, तळघरात साठतात. अमोनिया हलका, वर जातो. क्लोरीनच्या गळतीवर थेट पाणी मारलं की आम्ल तयार होऊन भोक आणखी मोठं होतं. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण त्याच्या जोडणीला ग्रीस किंवा तेलाचा हात लागला तर ते भडकू शकतं. आणि रिकामा पेट्रोल टँकर भरलेल्या टँकरपेक्षा जास्त धोक्याचा असू शकतो, कारण आत हवा आणि वाफ यांचं मिश्रण तयार झालेलं असतं. टाकी वायूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र हातात नसताना रिकाम्या टँकरला वेल्डिंग लावू देऊ नका, गॅरेजवाला कितीही ओळखीचा असो.

लायसन्सवरची नोंद

प्रमाणपत्र मिळालं म्हणजे काम झालं असं नाही. ते आणि लायसन्स जोडून, आपण राहतो त्या भागाच्या परवाना प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. लायसन्सच्या कामांसाठीच्या सरकारी सारथी पोर्टलवर त्यासाठी वेगळी सेवा आहे. लायसन्सवर धोकादायक मालाची नोंद झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही. मालक म्हणेल, ‘अर्ज टाकलाय ना, मग जा.’ मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(३) खाली नियम मोडून असा माल नेणाऱ्याला पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, दुसऱ्या वेळी २०,००० रुपये किंवा तीन वर्षांपर्यंत. हे चालवणाऱ्याला लागू आहे तसंच चालवायला लावणाऱ्यालाही. मालकाला हे शांतपणे सांगून बघा, सूर बदलतो.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा लायसन्सची मुदत तीन वर्षं आहे, आधी ती एकच वर्ष होती. मुदत संपायच्या दोन महिने आधीचा गजर फोनमध्ये आजच लावून ठेवा.

क्लीनरसाठी नियम ९ मध्ये काही नाही. ही मला कायद्यातली मोठी फट वाटते, कारण व्हॉल्व्हपाशी आणि टाकीवरच्या झाकणापाशी, म्हणजे मॅनहोलपाशी, बरेचदा क्लीनरच असतो. अमेरिकेत धोकादायक माल हाताळणाऱ्या प्रत्येक कामगाराला, मग तो चालक असो, माल चढवणारा असो की कागदपत्रं करणारा, नव्या कामाच्या ९० दिवसांच्या आत प्रशिक्षण द्यावं लागतं. तोवर त्यानं जाणकार माणसाच्या देखरेखीखालीच काम करायचं, आणि दर तीन वर्षांनी प्रशिक्षण पुन्हा. आपल्याकडे तसा नियम होईल तेव्हा होईल. तोवर चालकानं आपल्या क्लीनरला शिकवावं. निदान इमर्जन्सी व्हॉल्व्ह, बॅटरीचा मुख्य स्विच आणि अग्निशामक नळकांडं त्याला अंधारात हातानं सापडलं पाहिजे.

जे तीन दिवसांत शिकवत नाहीत

२५ जानेवारी २०११ ला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ, पानेवाडी भागातल्या एका ढाब्यावर इंधनाची चोरी पकडायला गेले असताना जिवंत जाळलं गेलं. नाशिकच्या प्रत्येक टँकर चालकाला ही घटना माहीत असावी. इथे इंधनचोरी म्हणजे दहा-वीस लिटरची हातचलाखी नसते, त्यामागे टोळी असू शकते. आणि तिला सगळ्यात आधी गाठायचा असतो तो चालक.

संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक माल वाहतुकीच्या शिफारशींमध्ये सुरक्षेचं वेगळं प्रकरण आहे. या कामातल्या प्रत्येकाला चार गोष्टी शिकवाव्यात असं त्यात म्हटलंय: धोका कशा स्वरूपाचा आहे, तो ओळखायचा कसा, कमी कसा करायचा, आणि सुरक्षेला भगदाड पडलं तर काय करायचं. गाडीवरच्या प्रत्येकाकडे फोटो असलेलं ओळखपत्र हवं, हेही त्यात आहे. नोकरीवर रुजू होताना ट्रान्सपोर्टरला या चार गोष्टी थेट विचारा. उत्तर आलं नाही तर पुढची यादी आपली आपण पाळा.

माहिती तोंडातून बाहेर जाऊ देऊ नका. कुठला माल, किती, कधी निघणार, रात्री कुठे थांबणार, हे चहाच्या टपरीवर सांगायचं नाही. चलनाचा किंवा डेपोच्या आतला फोटो स्टेटसला ठेवायचा नाही. चालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘भरून निघालो’ असा मेसेज टाकणाऱ्याला तिथेच हटका. त्या ग्रुपात कोण कोण आहे हे तुम्हाला ठाऊक नसतं.

सवय लावणारा माणूस ओळखा. रोज त्याच ढाब्यावर आपुलकीनं जेवण देणारा, ‘बिल राहू दे’ म्हणणारा, मग एके दिवशी ‘फक्त एक कॅन’ म्हणतो. तो पहिला कॅन दिला की पुढच्या वेळी नाही म्हणायची सोय राहत नाही, कारण आता त्याच्याकडे तुमच्याविरुद्ध सांगण्यासारखं काहीतरी असतं. शिवाय प्लास्टिकच्या कॅनमध्ये अर्थिंगशिवाय पेट्रोल काढताना स्थिर विजेची एक ठिणगी पुरते. चोरी आणि आग या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे मी म्हणतो ते याचसाठी.

अंगावर साधा शर्ट घालून ‘आरटीओ’ किंवा ‘पोलिस’ म्हणून गाडी अडवणारे भेटले तर केबिनचं दार लगेच उघडू नका. काच थोडी खाली करा, ओळखपत्र मागा, आणि पुढच्या चौकीवर किंवा टोलनाक्यावर थांबतो असं नम्रपणे सांगा. संशय असेल तर ११२ ला फोन करा. आणि कोणी शस्त्र दाखवलंच तर झटापट करायची नाही. किल्ली द्या, बाजूला व्हा, चेहरे, गाडीचा नंबर आणि दिशा लक्षात ठेवा, ताबडतोब कळवा. ट्रॅकिंग यंत्र गाडीत असतं ते अशाच वेळेसाठी. त्याची वायर ‘बॅटरी उतरते’ म्हणून काढून ठेवणारे चालक मी पाहिलेत. वायर निघाली की संशय आधी चालकावरच येतो, आणि तो धुऊन काढायला फार वेळ जातो.

भरताना

डेपोत आत जाताना मोबाइल, काडेपेटी, लायटर बाहेर. इंजिन बंद, हँडब्रेक, ओट, मग अर्थिंगची वायर, आणि त्यानंतरच नळी. हा क्रम कधीच उलटा होत नाही. धुराड्याला स्पार्क अरेस्टर, म्हणजे ठिणग्या अडवणारी जाळी, बसवलेला हवा.

भरून झाल्यावर सील क्रमांक चलनाशी एकेक करून जुळवा. लॉक किंवा सील ढिलं, ओरखडलेलं दिसलं तर गाडी गेटच्या आतच थांबवा आणि लेखी नोंद करून घ्या. गेट ओलांडल्यावर ते तुमच्या नावावर पडतं. माल पाठवणाऱ्यानं मालाची लेखी माहिती द्यायची असते. ती माहिती असलेलं ट्रेम कार्ड केबिनमध्ये हाताशी ठेवा, सीटखालच्या पेटीत नको. त्यासोबत लायसन्स, आरसी, फिटनेस, विमा, पीयूसी, परमिट, आणि पेट्रोलियमचा टँकर असेल तर पेसोचा परवाना. पेसो म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेचं केंद्र सरकारचं खातं, मुख्यालय आपल्याच नागपूरला.

गाडीवरची आपत्कालीन माहितीची पाटी तीन ठिकाणी हवी, दोन्ही बाजूंनी आणि मागून दिसेल अशी. मालाचं नाव आणि फोन नंबर किमान ५० मिलिमीटर उंच अक्षरांत, वर्ग क्रमांक १०० मिलिमीटर, चौकोनी लेबल २५० मिलिमीटर. पाटीवरचा फोन नंबर चालू आहे का, ते एकदा स्वतः लावून बघा. बंद नंबर रंगवलेल्या पाट्या घेऊन गाड्या फिरत असतात.

रस्त्यावर

नाशिकहून धुळ्याकडे निघालात तर चांदवडच्या पुढे राहुड घाट, मुंबईकडे कसारा, पुण्याकडे सिन्नरच्या अलीकडे मोहदरी, गुजरातकडे सापुतारा. कुठेही जा, उतार आहेच. टँकर अर्धवट भरलेला असला की आतला द्रव अर्ध्या कळशीसारखा हिंदकळतो आणि वळणावर गाडीला बाहेर ओढतो. म्हणून घाटाच्या माथ्यावरच गिअर उतरवायचा. न्यूट्रल कधीच नाही.

थांबा निघण्याआधीच ठरवलेला असावा. वस्ती, शाळा, बाजार, फटाक्यांची दुकानं यांच्याजवळ नाही. गाडी नजरेआड होऊ द्यायची नाही. चालक जेवायला गेला तर जाणता, अठरा वर्षांवरचा माणूस गाडीपाशी हवा. वाटेत कोणालाही लिफ्ट नाही, गाववाला असला तरी. मुक्कामानंतर निघताना गाडीभोवती एक फेरी मारा: सील, व्हॉल्व्हच्या पेटीचं कुलूप, चेसिसखाली चिकटवलेलं काही, सांडलेल्या तेलाचा वास. दोन मिनिटं लागतात.

नाशिक शहरात जड वाहनांच्या वेळा ठरलेल्या असतात आणि सणासुदीला त्या बदलतात. २०२७ च्या सिंहस्थात रस्ते बंद आणि वळवलेले असतील, तेव्हा निघण्याआधी वाहतूक पोलिसांची अधिसूचना बघूनच मार्ग ठरवा.

उतरवताना

पंपावर, कारखान्यात किंवा दवाखान्यात आधी समोरचा माणूस कोण ते पाहा. माल घेणाऱ्याचं नाव, सही, शिक्का. कुठली टाकी, तिच्यात किती जागा आहे, हे त्याच्याकडून वदवून घ्या. नळी जोडल्यापासून सुटेपर्यंत दोघांपैकी एकानंही तिथून हलायचं नाही. २१ एप्रिल २०२१ ला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टँकरमधून ऑक्सिजनची टाकी भरताना गळती झाली, पुरवठ्याचा दाब पडला आणि त्या दिवशी २२ रुग्ण गेले. तिथे ना आग लागली ना स्फोट झाला. दवाखान्यात माल उतरवणाऱ्यानं एवढं ध्यानात ठेवावं की पुरवठा बंद पडणं हीच तिथली दुर्घटना आहे. बंद करायचा मुख्य व्हॉल्व्ह कुठला आणि पर्यायी पुरवठा कोण सुरू करणार, हे नळी जोडण्याआधी विचारा.

काही झालंच तर

इंजिन बंद, बॅटरीचा मुख्य स्विच बंद. वारा कुठून येतोय ते पाहून त्याच्या उगमाच्या बाजूला आणि शक्यतो उंचावर जा. ११२ किंवा १०१ ला फोन, घरगुती गॅसची गळती असेल तर १९०६ सुद्धा. ठिकाण, मालाचं नाव, चार अंकी क्रमांक, गळती आहे की आग, जखमी किती, एवढंच सांगा. मग पाटीवरचा माल पाठवणाऱ्याचा नंबर, मग मालक. जवळच्या पोलिस ठाण्याला ताबडतोब कळवणं ही चालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. मारहाणीच्या भीतीनं पळून जाणारे असतात. जिवाला धोका असेल तर बाजूला व्हा, पण थेट पोलिस ठाणं गाठा.

लहान आग असेल आणि पाठीमागे सुटकेची वाट मोकळी असेल तरच नळकांडं वापरा. सांडलेला माल नाल्याकडे जात असेल तर माती-वाळूचा बांध घाला, कारण जिल्ह्यातले बरेचसे नाले शेवटी गोदावरी नाही तर गिरणेलाच मिळतात. आणि गर्दी. टँकर उलटला की बादल्या, कॅन घेऊन माणसं धावत येतात, त्यांच्यातला एक जण बिडी ओढत असतो. हात जोडा, ओरडा, क्लीनरला रस्त्यावर दोनशे मीटरवर उभं करा, पण लोकांना मागे ठेवा.

कागद जपून ठेवा, माल बदलला तर पुन्हा शिका

प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, लायसन्सची प्रत, डेपोनं किंवा कंपनीनं दिलेल्या प्रत्येक लहान-मोठ्या प्रशिक्षणाची तारीख एका फाइलमध्ये ठेवा. मूळ कागद मालकाकडे देऊ नका, झेरॉक्स द्या. नोकरी बदलताना मूळ कागद अडकवून ठेवणारे मालक असतात.

आणि पेट्रोलवरून क्लोरीनवर किंवा डिझेलवरून ऑक्सिजनवर गेलात तर लायसन्सवरची नोंद तीच चालते, पण तुमचं ज्ञान चालत नाही. नव्या मालाचं ट्रेम कार्ड आदल्या रात्री घरी नेऊन वाचा, समजलं नाही ते माल पाठवणाऱ्या कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याला विचारा. चालकाला मालाची माहिती करून देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, तेव्हा विचारायला संकोच नको.